प्रत्येक सर्दी अ‍ॅलर्जीची नसते

सकाळी ९.३०
पावसाळा सरत आलाय आणि पुण्यातली माझी कान-नाक-घशाची ओपीडी भरून गेली आहे. पहिला पेशंट अकरावीतला. "उठल्या उठल्या शिंका सुरू होतात, थांबतच नाहीत," आई सांगते. मी आधी खाजेचं विचारते. नाक, डोळे, टाळू खाजते का? "टाळूला जीभ घासून सारखा टकटक आवाज काढतो," पुन्हा आईच. तेवढ्यात मुलगा तळहाताने नाक वर चोळतो. या सवयीने नाकावर आडवी रेघ उमटली आहे. वडिलांना दमा आहे. आत पाहिलं तर टर्बिनेट, म्हणजे नाकातल्या मांसल घड्या, फिकट निळसर आणि सुजलेल्या. खाज, शिंका, कोवळं वय, घरात दमा. हे अ‍ॅलर्जीचं नाक. त्रास सकाळी जास्त, म्हणून पहिला संशय गादी-उशीतल्या माइट्सवर. दमट हवेत हे सूक्ष्म जीव वाढतात. शरीर त्यांच्या कणांविरुद्ध आयजीई ही प्रतिद्रव्यं तयार ठेवतं. कण नाकात गेला की हिस्टामिन सुटतं.

सकाळी १०.३०
निवृत्त काका निदान घेऊनच आलेत. "मला अ‍ॅलर्जी आहे. फोडणीची, अगरबत्तीची आणि एसीची."
"खाज सुटते का, काका?"
"छे."
"कधीपासून?"
"साठीनंतर."
"मिसळ खाताना?"
"रुमाल घेऊनच बसतो!"
धूर, अत्तर, गार हवा अ‍ॅलर्जीच्या नाकालाही झोंबतात, तेव्हा तेवढ्यावर निकाल लागत नाही. पण खाज नाही, सुरुवात उतारवयात आणि तिखट खाल्लं की धार. इथे आयजीईचा संबंध बहुधा नाही. नाकाच्या रक्तवाहिन्या आणि ग्रंथी चालवणाऱ्या मज्जातंतूंचं हे उतावीळपण. याला व्हॅसोमोटर ऱ्हायनायटिस म्हणतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही नाक चोंदतं, म्हणून काकांची औषधांची पिशवीही उघडून पाहते.

सकाळी ११.३०
स्किन प्रिक टेस्ट. ताईंनी सर्दीच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवल्या आहेत, नाहीतर टेस्ट फसते. हातावर थेंबांची ओळ, प्रत्येक थेंबातून हलकी टोच. सोबत हिस्टामिनचा एक थेंब आणि सलाइनचा एक, तुलनेसाठी. १५ ते २० मिनिटांनी मोजणी: सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त मोठी गांधी आली तर पॉझिटिव्ह. ताईंना गाजर गवताच्या परागांची गांधी आली. "म्हणजे तेच कारण ना?" तेवढं सरळ नाही. हे गवत पावसात माजतं आणि फुलतं, ताईंचं नाक मात्र बारा महिने सारखंच चोंदलेलं, तेही फक्त ऑफिसच्या एसीत. टेस्ट इतकंच सांगते की शरीर त्या परागाला ओळखतं. त्रास त्याचाच आहे का, हे ताईंच्या हकिगतीवरून ठरवायचं.

दुपारी १.००
रिक्षावाले दादा. खिशात नाक मोकळं करणारे ड्रॉप्स, दर दोन-तीन तासांनी टाकतात. हे ड्रॉप्स तीन ते पाच दिवसांपुरते. पुढे थेंबाचा असर ओसरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस पुन्हा बाटली उघडतो. इथे औषधच आजार. ड्रॉप्स बंद, स्टेरॉइडचा स्प्रे सुरू. "पहिले काही दिवस जड जातील, दादा. बाटली घरीही ठेवू नका."

दुपारी ४.३०
आठवा महिना लागलेली मुलगी. रात्री नाक बंद, तोंडाने श्वास. खाज नाही, शिंका नाहीत. गरोदरपणातलं हे चोंदणं बाळंतपणानंतर साधारण दोन आठवड्यांत जातं. मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि डोकं उंच ठेवून झोपणं, एवढं पुरतं.

संध्याकाळी ६.००
"सर्दीच आहे, पण एकाच नाकपुडीतून. वाकलं की पाणी गळतं." महिन्यापूर्वी दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला होता. आता अ‍ॅलर्जीचा विचार बाजूला. मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं. थेंब डबीत गोळा करून तपासणीला, आणि तातडीने सीटी स्कॅन. एकाच बाजूची सर्दी मी कधीच अ‍ॅलर्जीच्या खात्यात टाकत नाही.

रात्री ८.००
शेवटच्या वहिनींना रक्ताचं 'फुल अ‍ॅलर्जी पॅनल' हवंय. एवढा खटाटोप कशाला, असंही त्या विचारतात. सर्दीची गोळी सगळ्यांना सारखीच ना? नाही. सकाळच्या मुलाला गादीचं माइट-रोधक कव्हर, गरम पाण्यात धुतलेल्या चादरी आणि लागलंच तर तीनेक वर्षांची इम्युनोथेरपी उपयोगी पडेल. काकांसाठी या तिन्ही गोष्टी खर्च वाया घालवणाऱ्या. त्यांच्या धारेला इप्राट्रोपियमचा स्प्रे बरा. काही नाकांत दोन्ही प्रकार एकत्र नांदतात, तिथे अ‍ॅझेलास्टिन दोन्हीकडे चालतं. वहिनींना पॅनलऐवजी वही दिली. दोन आठवडे लिहा: त्रास कधी झाला, कुठे झाला, खाज होती का, एक नाकपुडी की दोन्ही. पॅनल लागलंच तर त्यात काय शोधायचं, ते ही वही ठरवेल.