संकेतांतर आणि संहिता : मेनफ्रेमशी होणाऱ्या देवघेवीतील पाठभेद

हस्तलिखितांच्या परंपरेत लेखनिकाच्या हातून होणाऱ्या चुकांना काही नियम असतात आणि ते ओळखणे हे पाठचिकित्सेचे पहिले काम होय. ग्रंथसूची, शब्दसंग्रह किंवा संहिता एका संगणकातून दुसऱ्या संगणकात जाते, तेव्हाही पाठभेद निर्माण होतात. मोठ्या संस्थांच्या मेनफ्रेम यंत्रणेतील नोंदी इतर संगणकांवर आणताना ते विशेष संभवतात. त्यांचे स्वरूप साहित्याच्या अभ्यासकानेही जाणून घ्यावयास हवे. कारण या नोंदींवर तो विसंबतो.

संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराला नेमून दिलेला क्रमांक साठवितो. १९६३ साली अमेरिकेत प्रमाणित झालेल्या ‘आस्की’ संकेतात रोमन लिपीतील मोठ्या ‘ए’चा क्रमांक ६५ आहे. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० या मेनफ्रेममालिकेने मात्र ‘एब्सिडिक’ हा निराळा संकेत स्वीकारला; त्यात त्याच अक्षराचा क्रमांक १९३. त्या परंपरेतील यंत्रे आजही हा संकेत वापरतात. दोहोंतील क्रमही भिन्न आहे. आस्कीत अंक अक्षरांच्या आधी येतात, एब्सिडिकमध्ये नंतर. म्हणून एकीकडे क्रमाने लावलेली सूची दुसरीकडे क्रमवार राहत नाही आणि क्रमावर विसंबणाऱ्या शोधात असलेला ग्रंथही सापडत नाही.

शिवाय एब्सिडिक एकच नाही. त्याच्या ०३७ आणि ५०० या संकेतसारण्यांत अक्षरे व अंक सारखे आहेत, परंतु चौकटी कंसांचे क्रमांक वेगळे आहेत. संपादकाने पदरचा घातलेला मजकूर चौकटी कंसात देण्याची पद्धत आहे. सारणी चुकली, तर कंसांच्या जागी भलतीच चिन्हे येतात आणि मूळ पाठ कोणता व संपादकाची भर कोणती, हा भेदच पुसला जातो.

संख्यांची गोष्ट आणखी वेगळी. मेनफ्रेमवर संख्या पुष्कळदा एका बाइटमध्ये दोन अंक अशी आवळून ठेवतात. १९४७ हे वर्ष असे ठेवले असता ९ आणि ४ हे अंक असलेल्या मधल्या बाइटचे मूल्य एब्सिडिकमधील छोट्या ‘एम’इतकेच भरते. सबंध नोंद मजकूर समजून रूपांतरित केली, तर तो बाइट ‘एम’चा आस्की क्रमांक धारण करतो आणि वर्ष नष्ट होते.

भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली प्रमाणित झालेल्या ‘इस्की’ संकेतात ‘क’चा क्रमांक १७९ आहे. केवळ १२८ क्रमांक वाहून नेणाऱ्या मार्गाने हा मजकूर गेला, तर प्रत्येक अक्षरातून १२८ वजा होतात. ‘क’चे ५१ होतात, म्हणजेच आस्कीतील ३ हा अंक. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘ज्ञानेश्वरी’ या शब्दात काना, मात्रा व हलन्त धरून ११ चिन्हे, म्हणजे ३३ बाइट होतात. शीर्षकाचा रकाना ३० बाइटांचा असेल, तर शेवटची वेलांटी गळते आणि ‘ज्ञानेश्वर’ उरते. ग्रंथाच्या जागी ग्रंथकार येतो. शब्द शुद्ध असल्यामुळे कोणालाही शंका येत नाही. खरा धोका अशा विश्वासार्ह दिसणाऱ्या चुकांचा आहे.

यावर उपाय आहेत. सामग्री देणाऱ्याकडून संकेतसारणीचा क्रमांक आणि नोंदीतील प्रत्येक रकान्याचा प्रकार व लांबी लेखी घ्यावी. फाइल कोणतेही रूपांतर न करता, जशीच्या तशी आणावी आणि मग मजकुराचे रकाने तेवढे एकदाच रूपांतरित करावेत. ज्या चिन्हांना प्रतिरूप नाही, त्यांच्या जागी निमूटपणे प्रश्नचिन्ह न घालता त्यांची यादी करावी. रूपांतरित मजकूर पुन्हा मूळ संकेतात नेऊन मूळ फाइलशी ताडून पाहावा. मूळ फाइल जपून ठेवावी आणि कोणत्या सारणीने रूपांतर केले, ते सूचीच्या प्रस्तावनेत नोंदवावे. हस्तलिखितांच्या संपादकाकडून एवढी अपेक्षा आपण नेहमीच करीत आलो आहोत.