पॅसेजमधला चकवा : ‘पी. टी.’ या खेळातील भयाची भाषा

प्रतिनिधी

भयपट पाहताना प्रेक्षकाने डोळे मिटून घेतले, तरी पडद्यावरचे पात्र दार उघडून आत जातेच. व्हिडिओ गेममध्ये मात्र खेळाडूने बटण दाबल्याखेरीज ते दार उघडत नाही. भीती वाटत असतानाही पुढचे पाऊल स्वतःच टाकायचे, हे या माध्यमाचे वैशिष्ट्य. त्याचा अत्यंत काटकसरीने आणि तितकाच परिणामकारक उपयोग करणारा खेळ म्हणून ‘पी. टी.’चा उल्लेख आजही केला जातो.

१२ ऑगस्ट २०१४ रोजी सोनीच्या ‘प्लेस्टेशन ४’वर हा छोटा खेळ विनामूल्य उपलब्ध झाला. निर्माता म्हणून ‘७७८० एस स्टुडिओ’ हे कोणीही न ऐकलेले नाव देण्यात आले होते. खेळ पूर्ण करणाऱ्यांना शेवटी उलगडा झाला, की ही कोनामी कंपनीच्या ‘सायलेंट हिल्स’ या आगामी खेळाची झलक आहे. जपानी गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमा आणि मेक्सिकन चित्रपट-दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरो ही जोडी त्यामागे होती. ‘पी. टी.’ म्हणजे ‘प्लेएबल टीझर’. खेळता येणारी जाहिरात.

तेच घर, तेच वळण

खेळाचे जवळजवळ सारे कथानक एका घराच्या काटकोनात वळणाऱ्या पॅसेजमध्ये घडते. टेबलावर दारूच्या बाटल्या, औषधाच्या गोळ्या, भिंतीवर चित्रे, कोपऱ्यात न्हाणीघराचे दार आणि २३:५९ ही वेळ दाखवणारे घड्याळ. पॅसेजच्या शेवटचे दार उघडून बाहेर पडावे, तर खेळाडू पुन्हा त्याच पॅसेजच्या सुरुवातीला येतो. आपल्याकडे रानात वाट चुकून माणूस फिरून त्याच जागी आला, की त्याला ‘चकवा’ लागला असे म्हणतात. येथे चकवा घरातच आहे.

सारे दृश्य खेळाडूच्या डोळ्यांनी दिसते. हातात शस्त्र नाही, जवळ नकाशा नाही, गुणांची नोंद नाही. चालणे आणि एखाद्या वस्तूकडे निरखून पाहणे एवढेच त्याला करता येते. त्यामुळे पाहणे हीच कृती ठरते. प्रत्येक फेरीत काहीतरी किंचित बदललेले असते. कधी बंद दार किलकिले दिसते, कधी झुंबर करकरत हलू लागते, कधी तान्ह्या मुलाचे रडणे ऐकू येते, तर पुढे सारा पॅसेज लालभडक होतो. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत जागा पाठ होते आणि पाठ झाली म्हणूनच तिच्यातला लहानसा फरकही मनाला बोचतो. अनोळखी जागेपेक्षा ओळखीची जागा परकी होणे अधिक भयावह असते, हे या रचनेचे मर्म आहे.

रसशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन वेगळे रस मानले. रक्तामांसाच्या दर्शनाने उपजते ती जुगुप्सा. भय मात्र जे अजून दिसलेले नाही त्याचे वाटते. ‘पी. टी.’मध्ये बीभत्स आहेच. पण त्याचा पाया वाट पाहायला लावण्यात आहे.

प्रतीकांचा अर्थ

पॅसेजमधील रेडिओवर निर्विकार आवाजात एक बातमी चालू असते. एका पित्याने आपल्या गर्भवती पत्नीला आणि दहा वर्षांच्या मुलाला गोळ्या घातल्या. सहा वर्षांची मुलगी न्हाणीघरात लपली होती, तिला ‘हा केवळ एक खेळ आहे’ असे सांगून त्याने बाहेर काढले. पुढे खेळाडू न्हाणीघरात कोंडला जातो आणि बेसिनमध्ये त्याला अर्भक दिसते, तेव्हा ती बातमी त्याच घराची असावी असा संशय बळावतो. ‘केवळ एक खेळ’ हे शब्द तर थेट त्याच्यापर्यंत पोहोचतात.

आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहत आहोत, हे खेळ स्पष्ट सांगत नाही. मात्र पॅसेजमधून वारंवार फिरणे हे अपराधी मनाचे चित्र आहे, असा अर्थ अनेकांनी लावला आहे. बाटल्या, गोळ्या आणि फाटलेल्या छायाचित्राचे तुकडे मोडलेल्या संसाराकडे निर्देश करतात. २०१९ मध्ये खेळाच्या संगणकीय रचनेचा अभ्यास करताना असे आढळले, की खेळाडूला टॉर्च मिळाल्यानंतर लिसा नावाच्या स्त्रीची भूताकृती त्याच्या अगदी पाठीमागेच जोडलेली असते. ‘पाप पाठीशी लागणे’ हा वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा ठरतो.

या मांडणीवर एक आक्षेप रास्त आहे. अत्याचार पुरुषाचा, पण भीतीचा चेहरा मात्र मारल्या गेलेल्या स्त्रीचा. असंख्य भयकथांतील ही जुनी खोड येथेही सुटलेली नाही. तथापि, घराबाहेरून येणाऱ्या राक्षसाऐवजी घरातल्याच माणसाच्या हिंसेकडे बोट दाखवण्याचे धैर्य या खेळाने केले, हेही नाकारता येत नाही.

आता दारच बंद

एप्रिल २०१५ मध्ये ‘सायलेंट हिल्स’ रद्द झाला. २९ एप्रिलला ‘पी. टी.’ प्लेस्टेशनच्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकण्यात आला आणि पुढे ज्यांनी तो पूर्वी उतरवून घेतला होता त्यांनाही पुन्हा उतरवणे अशक्य झाले. खेळ साठवलेली जुनी यंत्रे चढ्या किमतीला विक्रीस आली. पोलंडमधील ब्लूबर टीमचा ‘लेयर्स ऑफ फिअर’ (२०१६) आणि ‘व्हिसाज’ (२०२०) यांसारख्या खेळांत त्याची छाया स्पष्ट दिसते. मूळ कृती मात्र नव्या खेळाडूला अधिकृतपणे मिळत नाही.

छापलेले पुस्तक बाजारातून गेले, तरी एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात सापडू शकते. कंपनीच्या सर्व्हरवरून पुसलेल्या खेळाला असे कपाट नाही. ‘पी. टी.’ अनुभवायचा, तर आज दुसऱ्या कोणी खेळताना केलेले चित्रीकरण पाहावे लागते. त्यात पॅसेज दिसतो, रेडिओही ऐकू येतो. पण दार उघडणारा हात दुसऱ्याचा असतो, आणि या खेळातले निम्मे भय त्या हातातच होते.