पुढचा ब्रेक धरंना गेलाय

"मामा, पुढचा ब्रेक धरंना गेलाय. ऑइल टाकून द्या." नांदेडला लातूर फाट्याजवळच्या एका गॅरेजात गाडी लावता लावताच पोरगा बोलला. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत आला होता. रोग आणि औषध दोन्ही त्यानेच सांगून टाकलं. मिस्त्रींनी पान्याला हातही लावला नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, लिव्हर सावकाश दाबली आणि तशीच धरून ठेवली.

अर्धं निदान या दाबातच होतं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. लिव्हर पोकळ लागते पण दोन-तीनदा पंप मारला की कडक होते, तर पाइपात हवा शिरलेली असते. दाबून धरल्यावर ती हळूहळू मुठीकडे बसत गेली आणि बाहेर कुठेच ओल दिसत नसली, तर मास्टर सिलिंडरचं किट गेलं. आतल्या रबरावरून ऑइल मागे सटकतंय. आणि लिव्हर कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर वर कितीही ऑइल ओता, दोष खाली चाकापाशी आहे. या गाडीची लिव्हर कडक होती.

कॅलिपरचे बोल्ट सुटले आणि पॅड हातात आले. पिस्टनकडचा झिजून पत्र्याला टेकत आलेला, समोरचा जवळजवळ नवा. एवढ्यावरून मिस्त्रींना कळायचं ते कळलं. अशा कॅलिपरला पिस्टन एकाच बाजूला असतो. तो आपल्याकडचा पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून समोरचा पॅडही ओढून घेतो. पिना अडकल्या की समोरचा पॅड नावालाच उरतो. मिस्त्रींनी पिन पिळून पिळून बाहेर काढली. रबरी बूट फाटलेला, आतलं ग्रीस वाळलेलं, आणि त्यात आपली काळी माती मिसळून डांबरासारखा थर झालेला. पावसाळ्यात ही माती ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर येते आणि उन्हाळ्यात तिथूनच उडते. पिना पॉलिश पेपरने घासल्या, नवे बूट चढवले, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस इथे चालत नाही, त्याने रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

समोरच्या पॅडला मात्र वेगळीच चकाकी होती. मिस्त्रींनी तो नाकाशी धरला. "वॉशिंगला डिझेल मारून घेतलं का रे?" पोराने मान हलवली. धुतलेली गाडी चमकावी म्हणून डिझेलचा फवारा मारतात. तो डिस्कवर बसतो आणि पॅडमध्ये मुरतो. नुसती काच चढलेला पॅड घासून चालवता येतो, तेल प्यालेला नाही. दोन्ही पॅड नवे पडले.

"तसा मी मागचाच मारतो," पोरगा म्हणाला, "पुढच्याने माणूस पडतो." घरोघरी ऐकलेलं हे वाक्य मला फार खटकतं. खडीवर, चिखलात, हँडल वळलेलं असताना पुढचा झटक्यात दाबला तर चाक घसरतं, हे खरंच आहे. पण ब्रेक मारताच वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होतं, म्हणून तर कंपन्या आधी पुढे डिस्क देतात. भीतीपोटी पुढचा ब्रेक सोडून दिला की पिना धरतात, पॅडला काच चढते. मग एखाद्या दिवशी गरजेला दाबावा तर लागत नाही, आणि उरलासुरला भरवसाही जातो. माळेगावच्या यात्रेची गर्दी असते, उसाची ट्रॉली रात्री दिव्यावाचून पुढे चालत असते. अशा वेळी एकट्या मागच्या ब्रेकवर कसं भागणार?

ऑइलही बदललं, पण ते शेवटी. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. पोराने लिव्हर दाबून धरायची, मिस्त्रींनी निपल ढिला करायचा, आणि लिव्हर सोडण्याआधी तो बंद झालाच पाहिजे. नाहीतर हवा उलटी आत जाते. नळीतून तपकिरी ऑइल आलं, मग बारीक बुडबुडे, मग स्वच्छ धार.

पुढे ड्रम असलेल्या गाड्या आपल्याकडे अजून भरपूर आहेत, आणि त्यांच्या बाबतीत एक चलाखी सर्रास चालते. लायनर झिजला की केबल ताणत नेतात. तीही पुरेनाशी झाली की ब्रेकची आर्म काढून एक दाता पुढे बसवतात. लिव्हर पुन्हा वर येते, गिऱ्हाईक खूश होतं. पण झिजेची खूण त्यामुळे खोटी ठरते, आणि आतला कॅम जास्त फिरून अडकू शकतो. मग चाक एकदम जाम होतं. ड्रम उघडून लायनर बदलणं हे थोड्या वेळाचं काम आहे. मिस्त्री आर्म सरकवायला लागले, तर तिथेच थांबवा आणि ड्रम उघडायला सांगा.