१९६५ चा अमेरिकी स्थलांतर कायदा

३ ऑक्टोबर १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या बंदरात, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ज्या स्थलांतर कायद्यावर स्वाक्षरी केली, तो क्रांतिकारक नाही असे त्यांनी त्याच समारंभात सांगितले होते. इतके साफ चुकलेले राजकीय भाकीत विरळाच. १९२४ पासून तेथे ‘राष्ट्रीय मूळ कोटा’ पद्धत होती, म्हणजे कोणत्या देशातून किती लोकांना प्रवेश द्यायचा हे अमेरिकेच्या जुन्या लोकसंख्येतील त्या त्या देशाच्या वंशजांच्या प्रमाणावरून ठरे, आणि त्यामुळे ब्रिटन-जर्मनीला हजारो जागा मिळत असताना भारताच्या वाट्याला १९४६ नंतरही वर्षाला अवघ्या १०० येत. नव्या कायद्याने हा कोटा मोडीत काढून कौटुंबिक नाते व व्यावसायिक कौशल्य यांना प्राधान्य दिले आणि पूर्व गोलार्धातील प्रत्येक देशासाठी २०,००० ही समान कमाल मर्यादा ठरवली. गंमत अशी की, नात्यांना अग्रक्रम दिल्यास युरोपीय वंशाचेच वर्चस्व टिकेल असा या तरतुदीच्या काही पुरस्कर्त्यांचा होरा होता. प्रत्यक्षात भारत, कोरिया, फिलिपिन्स येथून आलेल्या डॉक्टर, परिचारिका व अभियंत्यांनी तिचाच आधार घेऊन आपले आप्त बोलावून घेतले. १९८१ मध्ये स्थापन झालेले उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ याच प्रवाहातले. दुसरी बाजू मात्र सहसा सांगितली जात नाही: याच कायद्याने मेक्सिकोसह संपूर्ण पश्चिम गोलार्धावर प्रथमच संख्येची मर्यादा घातली, १९६८ पासून वर्षाला १,२०,०००, आणि दक्षिण सीमेवरील आजच्या वादाचे एक मूळ तेथे आहे.