खाजन शेती : नदीकाठच्या भातजमिनींचा इतिहास

गोमंतकात मांडवी व झुआरी या नद्यांच्या काठची पुष्कळशी भातशेती भरतीच्या पातळीहून खाली आहे. तरीही दिवाडी, चोडण यांसारख्या बेटांवर शतकानुशतके भात पिकत आले. खाऱ्या पाण्यापासून मिळविलेल्या या जमिनीस ‘खाजन’ म्हणतात. गोव्यातील अशा जमिनीचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर मानले जाते.

चिखलमाती व जांभा दगड यांचे बांध आणि त्यांत बसविलेली ‘मानस’ ही या शेतीची मुख्य साधने होत. भरतीच्या वेळी नदीच्या पाण्याच्या दाबाने मानशीच्या लाकडी फळ्या मिटतात. ओहोटीला आतील पाण्याच्या दाबाने त्या उघडतात व शेतातील जादा पाणी बाहेर जाते. पावसाने जमिनीतील क्षार धुऊन गेल्यावर कोरगुटसारखे खारेपणा सोसणारे भात पेरले जाते.

पोर्तुगीज १५१० मध्ये येथे आले, त्यापूर्वीच गावकरी संस्था हे बांध राखीत होत्या. १५२६ साली अफोंसो मेशिया यांनी तिसवाडीतील गावकरींचे हक्क व रूढी लेखबद्ध केल्या. पुढे या संस्था ‘कोमुनिदाद’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. जमीन सर्वांची असल्याने बांधाची चिंताही सर्वांची असे.

गोवामुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला व १९७६ च्या दुरुस्तीने कुळांना मालकी हक्क मिळाला. कसणाऱ्यास न्याय मिळाला हे निर्विवाद होय. बांधांच्या देखभालीसाठी १९७५ च्या नियमांनुसार कूळ संघटनांची तरतूदही झाली. तथापि अनेक ठिकाणी शेते पडीक राहिली आणि सामुदायिक जबाबदारी सैल झाली. मानशीवरील मासळीचा लिलाव हे उत्पन्नाचे साधन असल्याने, मासळीच्या लोभाने फळ्या अवेळी उघडल्या जातात. खारे पाणी एकदा शिरले की जमीन पुन्हा गोडी होण्यास काही पावसाळे जावे लागतात.

किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत खाजन जमिनींना विशेष संरक्षण देण्यात आले. परंतु बांधाला पडलेले भगदाड अधिसूचनेने बुजत नाही. एका शेतकऱ्याने दुर्लक्षिलेल्या बांधातून आलेले पाणी शेजाऱ्याचे शेतही बुडविते. म्हणून पावसाळ्यापूर्वी बांध व मानस यांची पाहणी गावाने मिळून करावी आणि शिक्षकांनी विद्यार्थ्यांना हे बांध प्रत्यक्ष दाखवावेत. पूर्वजांनी खाडीपासून मिळविलेली ही भूमी टिकविण्याचा मार्ग तोच आहे.