पिशवी एकदाच छापा, दरपत्रक हवं तेव्हा बदला



समजा, बेगडेवाडीत तुमचा इंद्रायणी तांदूळ विकायचा व्यवसाय आहे. दरपत्रकाची पीडीएफ वेबसाइटवर टाकलीत, तिच्या लिंकचा क्यूआर कोड दोन हजार पिशव्यांवर छापलात. दिवाळीनंतर नवा तांदूळ आला, भाव बदलले. नवी पीडीएफ टाकली, पण तिची लिंकही नवी! पिशवीवरचा कोड जुनाच भाव दाखवतोय. आता एक तर पिशव्या वाया, नाहीतर रोज गिऱ्हाइकाशी हुज्जत.

असं का होतं? वर्डप्रेस फाइलच्या लिंकमध्ये साल आणि महिना घालतं. त्याच महिन्यात त्याच नावाची फाइल पुन्हा टाकली, तरी शेवटी 1 आकडा जोडतं.

उपाय म्हणजे एलियस, लिंकचं टोपणनाव. तिकिटावर फक्त 'बेगडेवाडी' असतं. लोकल पुण्याहून कुठल्या फलाटावरून सोडायची ते रेल्वे ठरवते. तसंच गिऱ्हाइकाला एकच पत्ता द्यायचा, मागची फाइल आपण बदलायची.

चला, करूया.

1. स्वतःचं डोमेन वापरा. लिंक छोटी करून देणाऱ्या फुकट सेवेच्या भरवशावर छपाई नको. गूगलनेही आपल्या अशा सेवेत नव्या लिंक बनवणं मार्च 2019 मध्ये बंद केलं.

2. नाव छोटं ठेवा. डोमेननंतर फक्त 'रेट', तेही इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत. त्यात साल नको. मराठीत 'दर' लिहिलंत, तर लिंक कॉपी करताना त्या दोन अक्षरांची बऱ्याचदा अठरा चिन्हं होतात.

3. वर्डप्रेसमध्ये 'रिडायरेक्शन' हे मोफत प्लगइन टाका. 'सोर्स'मध्ये एलियस, 'टार्गेट'मध्ये पीडीएफची लिंक भरा.

4. गिअरच्या चिन्हावर जाऊन कोड 301 ऐवजी 302 करा. हे विसरू नका! 301 म्हणजे कायमचा बदल. ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि जुन्या गिऱ्हाइकाला जुनीच फाइल दाखवू शकतो. 302 म्हणजे तात्पुरता.

5. आता एलियसचा क्यूआर काढा, फाइलचा नाही. दोन वेगळ्या फोनवर स्कॅन करून बघा, मगच प्रिंटरकडे पाठवा.

भाव बदलले की नवी पीडीएफ टाका, 'टार्गेट' बदला, जुनी फाइल काढून टाका. पाच मिनिटांचं काम.

डोमेनचं नूतनीकरण मात्र चुकवू नका. ते गेलं, तर छापलेला प्रत्येक कोड गेला. आजच मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा!