फ्रिजवरच्या यादीचे औषध

शरद ऋतू ही वैद्यांची आई, असे जुने लोक म्हणत. पाऊस ओसरतो, ऊन तापू लागते, साचलेल्या पाण्यावर डास होतात आणि आमचे दवाखाने तापाच्या रुग्णांनी भरून जातात. तीस वर्षांच्या व्यवसायात ऑक्टोबर महिन्यात मी दवाखाना दोन दिवसांहून अधिक कधी बंद ठेवला नव्हता. २०२४ साली मात्र पाच आठवडे दाराला कुलूप होते. "मुलीकडे अमेरिकेला चाललो," एवढेच मी रुग्णांना सांगितले. का चाललो, ते सांगितले नाही.

आज ते सांगणार आहे. आमच्या सौ.चा आधी याला विरोध होता. "मुलीचं लग्न व्हायचं आहे, गावभर कशाला करता?" हे तिचे म्हणणे. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, सदरात लिहा. मधुमेहावर लिहिता तसंच लिहा." म्हणून हा लेख.

फोनवर चुकलेले निदान

आमची धाकटी २०१७ साली शिक्षणासाठी अमेरिकेला गेली आणि पुढे न्यू जर्सी राज्यात नोकरीला लागली. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तिच्या फोनमध्ये एक तक्रार सुरू झाली. झोप लागत नाही, सकाळी अंथरुणातून उठवत नाही, कशात लक्ष लागत नाही. मी डॉक्टर. मी काय सांगितले? ड जीवनसत्त्व तपासून घे, कॉफी कमी कर, संध्याकाळी काम संपले की जरा उन्हात फिरून ये. डिसेंबरात तिकडे साडेचारलाच सूर्य मावळतो, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. एकदा तर वैतागून बोलून गेलो, "चांगली नोकरी आहे, घर आहे. तुला दुःख कशाचं?"

त्यानंतर तिने मला काही सांगणेच बंद केले. मला वाटले, बरे वाटत असेल.

फेब्रुवारीत ती पाठदुखीसाठी तिथल्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पाठ तपासलीच, पण नऊ प्रश्नांचा एक कागदही भरून घेतला आणि निदान केले नैराश्याचे. जे निदान दर आठवड्याला फोनवर बोलूनही मला झाले नाही, ते त्या कागदाने पाच मिनिटांत केले. गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन सुरू झाले.

वाचकहो, नैराश्याला मोठे कारण लागतेच असे नाही. मलेरिया झालेल्याला आपण "तुला ताप कशाचा?" असे रागाने विचारत नाही. मनाच्या आजारात मात्र शिकलेसवरलेलेही हाच प्रश्न विचारतात. मीही विचारला.

तिच्या आजारात ऋतूचाही वाटा होता. अमेरिकेतील डॉ. नॉर्मन रोझेनथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतूबरोबर येणाऱ्या नैराश्याचे वर्णन प्रसिद्ध केले. दिवस लहान होऊ लागले की काही माणसांची उमेद ओसरते, झोपेचे आणि भुकेचे चक्र बिघडते, आणि वसंतात पुन्हा बरे वाटते. मुलगी उन्हाळ्यात सावरली. पण ऑगस्ट संपता संपता तिचा फोन आला, "बाबा, आता पुन्हा ते दिवस येतील. या वर्षी ऑक्टोबरमध्ये तुम्ही दोघं या."

दहा कामांचा कागद

तिच्या घरी पोचलो तेव्हा फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला एक कागद दिसला. त्यावर दहा कामे होती. बागेत जाऊन झाडावरची सफरचंदे तोडणे. रंगलेली पाने पाहायला डोंगरात जाणे. मक्याच्या शेतातल्या भुलभुलैयात शिरणे. सफरचंदाचा गरम रस आणि त्याबरोबर डोनट खाणे. दिवे मालवून भुताचा सिनेमा पाहणे. भोपळा कोरणे. भोपळ्याचा गोड पदार्थ करणे. हॅलोविनला सोंग घेणे. दारी येणाऱ्या मुलांना खाऊ वाटणे. आणि शेवटी, शेकोटी.

तिकडची मुले हे सारे लहानपणीच करून मोठी होतात. ही त्या देशात गेली तेव्हा चोवीस वर्षांची होती. सात वर्षे खिडकीतून पाने गळताना पाहिली आणि दर वर्षी "पुढच्या वर्षी जाऊ" म्हणत राहिली. समुपदेशक बाईंनी तिला विचारले होते, "करायचे राहून गेले असे काय काय आहे? लिहा. पुढे तारीख घाला." त्यातून हा कागद झाला.

खरे सांगतो, मला ते पोरखेळ वाटले. एकतीस वर्षांच्या मुलीने मक्याच्या शेतात धावायचे, हा काय उपचार झाला? मग एका शनिवारी मला त्या कागदाचा अर्थ कळला.

सफरचंदाच्या बागेत जायचा तो दिवस होता. नऊ वाजले तरी ती अंथरुणातून उठली नव्हती. "आज मन नाही, बाबा," म्हणाली. आपल्या पद्धतीप्रमाणे मी म्हणालो, "राहू दे मग, मन होईल तेव्हा जाऊ." तिने छताकडे पाहत उत्तर दिले, "तेच तर करायचं नाही. मन होईल म्हणून थांबलं की ते होतच नाही." आणि ती उठली. गाडीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही. बागेत पहिली अर्धी टोपली मुकाट्याने भरली. मग उंच फांदीवरचे एक फळ तिने लांब काठीच्या झेल्याने काढायला घेतले आणि ते नेमके माझ्या खांद्यावर पडले. ती हसली. कित्येक महिन्यांनी ते हसू मी ऐकत होतो.

या उपचाराला 'बिहेवियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. नैराश्यात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. फिरणे सुटते, मित्र सुटतात, स्वयंपाक सुटतो. गोष्टी सुटल्या की आनंदाच्या जागा कमी होतात, आणि त्या कमी झाल्या की मन अधिक खचते. हे चक्र मनाच्या बाजूने तोडणे अवघड असते, म्हणून ते कृतीच्या बाजूने तोडायचे. आधी पाय हलवायचे, मन मागून येते. लगेच येतेच असे नाही. मक्याच्या भुलभुलैयात त्या दिवशी तिला काहीच वाटले नाही, नुसता थकवा आला. तरी तिने घरी येऊन त्या ओळीवर रेघ मारली. ते काम केले, याचीच ती नोंद होती.

पाने पाहायला आम्ही न्यू जर्सी आणि पेन्सिल्व्हेनिया यांच्या सीमेवरील डेलावेअर नदीच्या खिंडीत गेलो. दिवस लहान होऊ लागले की झाडे हिरवे द्रव्य बनवणे थांबवतात. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, तो उघडा पडतो. लाल रंग मात्र बऱ्याच झाडांत तेव्हा नव्याने तयार होतो. परत आल्यावर मुलीने सर्वांना पायमोजे उलटे करून गोचीड पाहायला लावले. त्या भागात गोचिडीच्या चाव्याने 'लाइम' नावाचा आजार होतो, तेव्हा गवतातून हिंडून आल्यावर अंग तपासण्याची शिस्त तिथे पाळावी लागते.

एकाच दिवशी दोन सण

हॅलोविन दर वर्षी ३१ ऑक्टोबरला असतो. त्याचे मूळ आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील 'सॉविन' या सुगी संपल्याच्या सणात आहे. त्या रात्री मृतांचे आत्मे परत येतात अशी समजूत होती. आपल्या सर्वपित्री अमावास्येची आठवण यावी असाच हा भाग. दुसऱ्या दिवशी ख्रिस्ती संतांचा सण असतो, त्याच्या आदल्या रात्रीवरून हॅलोविन हे नाव पडले. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात आयरिश लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले, त्यांच्याबरोबर हा सणही तिकडे रुजला. मायदेशी ते सलगम कोरत. अमेरिकेत त्यांना भोपळा मिळाला.

२०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच आपली नरकचतुर्दशी होती. पहाटे सौ.ने उटणे लावून आम्हाला अभ्यंगस्नान घातले. दुपारी मुलीने भोपळा कोरला. सुरी शरीरापासून दूर चालवायची आणि लहान मुलांच्या हाती ती द्यायची नाही, एवढे डॉक्टरी ज्ञान मी पाजळले. कोरायचा मोठा भोपळा चवीला पाणचट असतो, म्हणून सौ.ने वेगळा लहान गोड भोपळा आणवून त्याचे घारगे केले. यादीतल्या गोड पदार्थावर अशी रेघ बसली.

संध्याकाळी मुले येऊ लागली. वाघ, परी, अंतराळवीर, हाडांचा सापळा. मुलगी चेटकिणीची टोपी घालून दारात बसली होती. मी सोंग घ्यायला नकार दिला होता. पाच-सहा वर्षांच्या एका वाघाने मला निरखून विचारले, "तुम्ही कोण झालात?" मी म्हणालो, "डॉक्टर." तो म्हणाला, "मग तुमचा स्टेथोस्कोप कुठे आहे?" मी निरुत्तर. मुलगी टोपी सावरत इतकी हसली की वाघालाच शंका आली.

एक चांगली रीत तिथे पाहिली. काही घरांपुढे निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवलेला असतो. ज्या मुलांना शेंगदाणे, दूध अशा पदार्थांची ॲलर्जी आहे, त्यांच्यासाठी या घरी खाऊऐवजी खेळणी किंवा पेन्सिली मिळतील, अशी ती खूण.

शेकोटी मात्र राहिली. त्या ऑक्टोबरात न्यू जर्सीत पाऊस जवळजवळ पडलाच नाही आणि वणव्याच्या भीतीने उघड्यावर जाळ करण्यावर निर्बंध होते. मला हळहळ वाटली, तिला फारशी वाटली नाही. कोरलेल्या भोपळ्यात तिने आईने नेलेली पणती ठेवली होती. ती रात्री उशिरापर्यंत तेवत होती. दहावी ओळ तिने तशीच मोकळी ठेवली आणि पुढे लिहिले, "२०२५."

आपल्या जवळचा पुरावा

हे सारे अमेरिकेतले, आपल्याला काय उपयोग, असे कुणी म्हणेल. म्हणून गोव्याचे सांगतो. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेने गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत हीच पद्धत तपासून पाहिली. ४९५ रुग्ण होते, सर्वांचे नैराश्य तीव्र स्वरूपाचे. उपचार देणारे मनोविकारतज्ज्ञ नव्हते, तर प्रशिक्षण दिलेले साधे स्थानिक कार्यकर्ते होते. सहा ते आठ बैठका. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा ६४ जण नैराश्यातून बाहेर आले होते, तर तो न मिळालेल्यांत हे प्रमाण शेकडा ३९ होते. हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला आहे.

यादी कशी करावी

१) कामे लहान असावीत. "आनंदी राहणे" हे काम नव्हे. "मंगळवारी सहा वाजता मैत्रिणीकडे जाणे" हे काम.

२) प्रत्येक कामापुढे तारीख हवी. "सवडीने" ही तारीख नव्हे.

३) निम्मी कामे तरी घराबाहेरची आणि दिवसाच्या उजेडातली असावीत. एखादे दुसऱ्या माणसाबरोबरचे हवे.

४) लहानपणी आवडणारे आणि मोठेपणी सुटलेले काही घ्यावे. आपला शरद ऋतू तर अशा गोष्टींनी भरलेला आहे. कोजागरीचे आटीव दूध, हादग्याची खिरापत, अंगणातला मातीचा किल्ला, घरी केलेला आकाशकंदील. पन्नाशीच्या माणसाने किल्ला करू नये असे कोणत्याही शास्त्रात लिहिलेले नाही. मधुमेही वाचकांनी दुधात साखर घालू नये, एवढेच.

५) काम झाले की रेघ मारावी, मग ते करताना आनंद होवो न होवो.

यादी हे औषधाच्या जोडीचे औषध आहे. आमच्या मुलीच्या गोळ्या आणि समुपदेशन चालूच होते. ३ नोव्हेंबरला तिथली घड्याळे एक तास मागे गेली आणि पाचच्या आतच अंधार पडू लागला. तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने ती रोज सकाळी अर्धा तास प्रखर दिव्यासमोर बसू लागली. हा दिवा डोळ्यांचा विकार असलेल्यांनी किंवा ज्यांना अतिउत्साहाचे झटके येतात त्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.

पंधरा दिवसांहून अधिक काळ मन खिन्न असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांकडे जावे. जगणे नकोसे वाटू लागले तर एक दिवसही थांबू नये. अशा वेळी सरकारच्या 'टेली मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. आणि घरातल्या माणसाने "तुला दुःख कशाचं?" असे विचारण्याऐवजी "चल, मी येतो बरोबर" असे म्हणावे.

तो हिवाळा तिला अगदी सोपा गेला नाही. जानेवारीत काही दिवस वाईट गेले. पण या वेळी तिने ते आम्हाला फोन करून सांगितले.

दवाखान्यात आता माझी एक सवय बदलली आहे. झोप नाही, पाठ दुखते, थकवा येतो, अशी तक्रार घेऊन कुणी आले की जीवनसत्त्वाची गोळी लिहिण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. गेल्या पंधरा दिवसांत कशातच रस वाटत नाही असे झाले का? मन उदास, निराश राहिले का? पुष्कळ जण आधी "नाही" म्हणतात. मी पेन खाली ठेवून थोडा वेळ थांबतो. मग काही जण बोलू लागतात.